दिल्लीच्या थंडीसाठी लहान घरात विजेचा हीटर कसा निवडावा

नोकरीसाठी, बदलीवर किंवा स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात कळते की, इथली थंडी रस्त्यापेक्षा घरात जास्त बोचते. पुण्यात किंवा नाशकात पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर उतरला, तरी दुपारी कडक ऊन पडते आणि भिंती पुन्हा तापतात. रात्री एक जाड रजई पुरते. दिल्लीत मात्र डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत असे कितीतरी दिवस येतात की, धुक्यामुळे ऊन पडतच नाही, कमाल तापमानही पंधरा-सोळा अंशांपलीकडे जात नाही आणि एकदा गारठलेल्या विटा-सिमेंटच्या भिंती दिवसेंदिवस गारच राहतात. ही घरे उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात. पातळ काचेच्या सरकत्या खिडक्या, फरशीपासून बोटभर वर राहिलेले दरवाजे आणि जाळीच्या झडपा यांतून घरातली ऊब सतत बाहेर जात राहते. अशा एक-दोन खोल्यांच्या घरासाठी विजेवर चालणारे कोणते साधन घ्यावे, किती वॅटचे घ्यावे आणि ते कसे वापरावे, याची माहिती येथे दिली आहे.

‘कमी विजेत जास्त गरमी’ या दाव्याचा अर्थ

दुकानात प्रत्येक हीटरवर वीजबचतीचा दावा छापलेला असतो. कार्बन हीटर रॉडच्या हीटरपेक्षा वीज वाचवतो, ऑइल रेडिएटर (तेल भरलेल्या धातूच्या उभ्या पट्ट्यांचा हीटर) ब्लोअरपेक्षा (पंख्याने गरम हवा फेकणाऱ्या हीटरपेक्षा) वाचवतो, सिरॅमिकचा हीटर सगळ्यांत जास्त वाचवतो, असे विक्रेते ठामपणे सांगतात. खरेदीचा सगळा निर्णय ज्या एका गोष्टीवर अवलंबून असायला हवा, ती येथेच नजरेआड होते. तार, रॉड, सिरॅमिकची पट्टी किंवा तेलात बुडवलेले कॉइल तापवून उष्णता देणारा कोणताही हीटर एका युनिट विजेची एका युनिटाइतकीच, म्हणजे सुमारे ८६० किलोकॅलरी, उष्णता करतो. त्याहून जास्त करणे त्याला शक्य नाही आणि कमी करण्याचेही काही कारण नाही. स्वस्त ब्लोअर आणि त्याच्या कित्येक पट किमतीचा तेरा पट्ट्यांचा ऑइल रेडिएटर या बाबतीत अगदी बरोबरीचे आहेत. फरक असतो तो उष्णता कुठे आणि किती वेगाने पोहोचते, आवाज किती होतो, उपकरण किती सुरक्षित आहे आणि खोली तापल्यावर ते आपोआप बंद होते की नाही, यांत.

याला एकच खरा अपवाद आहे, तो म्हणजे हीट पंप. घरगुती भाषेत सांगायचे तर गरम आणि गार अशी दोन्ही हवा देणारा इन्व्हर्टर एसी. तो विजेपासून उष्णता तयार करत बसत नाही. बाहेरच्या हवेत असलेली उष्णता शोषून ती खोलीत आणून सोडतो आणि वीज फक्त या वाहतुकीसाठी खर्च करतो. बाहेर सात-आठ अंश तापमान असतानाही चांगला एसी एका युनिट विजेत तीन युनिटांच्या आसपास उष्णता खोलीत आणतो. दिल्लीचा हिवाळा गोठवणारा नसल्यामुळे या यंत्राला येथे काम करणे सोपे जाते.

आधी खोलीचा हिशेब

किती वॅटचा हीटर घ्यावा हे खोलीच्या आकारापेक्षा खोलीतून किती उष्णता निसटते यावर ठरते. उदाहरणादाखल दहा फूट बाय बारा फूट, दहा फूट उंचीची झोपण्याची खोली घेऊ. तिची एक बारा फुटी भिंत बाहेरच्या बाजूला आहे, ती नऊ इंच विटांची आहे आणि तिच्यात सुमारे वीस चौरस फुटांची एकपदरी काचेची खिडकी आहे. बाहेर ८ अंश असताना आत २० अंश राखायचे झाल्यास भिंतीतून सुमारे २१५ वॅट, काचेतून १२० ते १२५ वॅट आणि फटींतून खोलीतली हवा तासाला एकदा बदलते असे धरल्यास आणखी सुमारे १३० वॅट उष्णता जाते. शेजारच्या खोल्या आणि वरचे घर तापवलेले नसते, त्यामुळे आतल्या भिंती आणि छत यांतूनही साडेचारशे वॅटच्या आसपास उष्णता निघून जाते. एकूण बेरीज ९०० वॅटच्या जरा पुढे जाते. याचा अर्थ असा की, अशा खोलीत १००० वॅट सतत मिळाले तरी ती उबदार राहते. सुरुवातीला लवकर तापावी म्हणून १५०० किंवा २००० वॅटचा हीटर घेणे योग्य आहे, त्यापुढच्या क्षमतेची गरज नाही. घर सर्वांत वरच्या मजल्यावर असेल आणि गच्ची थेट डोक्यावर असेल, तर दोन-अडीचशे वॅट आणखी धरावेत.

या बेरजेत आपल्या हातात असलेला आकडा हवेचा आहे. जुन्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांतून तासाला एकदा नव्हे, तर दोन-तीनदाही हवा बदलते आणि अशा प्रत्येक वेळेमागे १३० वॅट वाढतात. म्हणून हीटर विकत घेण्यापूर्वी एका संध्याकाळी पंखा बंद करावा, उदबत्ती पेटवावी आणि ती खिडकीच्या चौकटीजवळून सावकाश फिरवावी. धुराची रेघ जिथे एकदम आडवी होते, तिथे फट आहे. दोन सरकत्या तावदानांच्या मधला उभा जोड, खालच्या रुळातली पाणी जाण्याची भोके आणि एसीची पाइप जिथून बाहेर जाते ते भोक, या तीन ठिकाणी धूर बहुधा वळतोच. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी फोमची चिकटपट्टी चौकटीला लावावी, दाराच्या खाली रबरी पट्टी किंवा जुन्या चादरीची घट्ट गुंडाळी ठेवावी आणि खिडकीला जमिनीपर्यंत पोहोचणारा जाड पडदा लावावा. ऊन पडेल त्या दिवशी दक्षिणेकडचे पडदे दुपारी पूर्ण उघडावेत आणि ऊन कलताच ओढून घ्यावेत. भाड्याच्या घरातही यातले सारे करता येते, आणि एवढ्या कमी खर्चात एवढी वीज वाचवणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

मात्र खोली पूर्णपणे हवाबंद करू नये. माणसांच्या श्वासाने कोंदट झालेली हवा दुपारी थोडा वेळ खिडकी उघडून बदलावी. बाहेरची हवा फार प्रदूषित असेल, त्या दिवशी ही वेळ आणखी कमी ठेवावी. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणे जिवावर बेतते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला धोका कळतच नाही, आणि उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. विजेच्या हीटरमुळे असा वायू तयार होत नाही, आणि तो ‘ऑक्सिजन खातो’ हा समजही खरा नाही. हवा कोरडी का वाटते, याचे उत्तर वेगळे आहे: ८ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा २० अंशांपर्यंत तापवली की, तिची सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. हे कोणत्याही हीटरने होते. ऑइल रेडिएटरनेही होते.

एसी आधीच लागणार असेल तर

दिल्लीत उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल, तर तो गरम हवाही देणारा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वरच्या उदाहरणातली खोली रात्री नऊ तास २० अंशांवर ठेवायची झाल्यास साध्या हीटरला रोज सुमारे ८ युनिट लागतील, म्हणजे महिन्याला २४०. तेच काम हीट पंपाने केल्यास ८० युनिटांत होईल.

हा फरक दिल्लीच्या बिलात आणखी मोठा होतो. गेली काही वर्षे दिल्लीत सवलतीसाठी नोंद केलेल्या घरगुती ग्राहकाला महिन्याला २०० युनिटांपर्यंत बिल येत नाही, आणि २०१ ते ४०० युनिटांच्या दरम्यान निम्मी, जास्तीत जास्त ८०० रुपयांची, सवलत मिळते. ४०० ची मर्यादा ओलांडली की त्या महिन्याची संपूर्ण सवलत जाते. ज्या कुटुंबाचा हिवाळ्यातला इतर वापर १८० युनिट आहे, ते हीटर लावल्यावर ४२० वर पोहोचेल आणि पूर्ण बिल भरेल. हीट पंप वापरल्यास २६० वर राहील. नोएडा आणि गुरुग्राम येथील दर निराळे आहेत आणि ही सवलत तेथे लागू नाही, तेव्हा तेथील घरांसाठी नुसता युनिटांचा फरक मोजावा.

खरेदी करताना पुढील बारकावे पाहावेत. एसीवरचे तारे गार हवेच्या कामगिरीवर दिलेले असतात. गरम हवेसाठी ते काही सांगत नाहीत. म्हणून माहितीपत्रकात गरम हवेची क्षमता किती वॅट आहे आणि त्या वेळी लागणारी वीज किती वॅट आहे, हे दोन आकडे शोधावेत आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावे. भागाकार तीन किंवा त्याहून जास्त आला पाहिजे. तो एकच्या आसपास आला, तर त्या एसीत हीट पंप नसून नुसते तापणारे कॉइल आहे आणि त्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. किती टनांचा घ्यावा, हे उन्हाळ्याच्या गरजेवर ठरवावे. उन्हाळ्याला पुरणारा एसी दिल्लीच्या थंडीला सहज पुरतो.

वापरताना झडपा खालच्या दिशेला वळवाव्यात, कारण भिंतीवर उंच बसवलेल्या यंत्रातून आलेली गरम हवा छताजवळच साचून राहते. धुक्याच्या रात्री बाहेरच्या यंत्रावर दव गोठते आणि ते वितळवण्यासाठी एसी अधूनमधून काही मिनिटे गरम हवा देणे थांबवतो. हा बिघाड नाही. हिवाळ्यात पाणी बाहेरच्या यंत्रातून ठिबकते, हेही लक्षात ठेवून त्याखाली नळी किंवा ताट बसवावे, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ते पडत राहील.

केवळ हिवाळ्यासाठी नवा एसी घेणे मात्र परवडत नाही. कडक थंडी सहा ते आठ आठवडेच असते आणि त्यात वाचलेल्या विजेतून एसीची किंमत भरून निघायला फार वर्षे लागतात.

एसी नसेल तर कोणता हीटर

येथे विचार माणसापासून सुरू करावा. आपल्याला खोली तापवायची आहे, की खोलीत बसलेल्या एका माणसाला उबदार ठेवायचे आहे?

जुन्या राजेंद्रनगरमध्ये किंवा मुखर्जीनगरमध्ये प्लायवूडने पाडलेल्या लहानशा खोलीत रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण खोली तापवण्याची गरज नसते. रॉडचा, हॅलोजनचा किंवा कार्बनचा हीटर हवेपेक्षा समोरच्या वस्तूला थेट तापवतो, त्यामुळे भिंती गार असतानाही तो लागताच ऊब जाणवते. त्याची ४०० वॅटची एकच पट्टी पायांपासून तीन फुटांवर, प्लायवूडपासून आणि अंथरुणापासून दूर ठेवली, तर पाच तासांत दोन युनिट लागतात. अनेक घरमालक वेगळ्या उपमीटरवर ठरावीक दराने पैसे घेतात आणि त्या दराला सरकारी सवलत लागत नाही, तेव्हा हा हिशेब विद्यार्थ्याने खोली घेतानाच करावा. हीटर लावण्याची परवानगी आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. मात्र लालबुंद रॉडचा हीटर लावून झोपू नये. घसरलेले पांघरूण त्याच्यावर पडले, तर पेट घ्यायला फार वेळ लागत नाही.

रात्रभर ऊब हवी असेल, घरात तान्हे मूल किंवा वयस्कर माणसे असतील, तर ऑइल रेडिएटर घ्यावा. त्याला आवाज नाही, उजेड नाही, उघडे तापलेले कॉइल नाही, आणि थर्मोस्टॅट असल्यामुळे खोली तापली की तो बंद होतो. तो सावकाश तापतो, म्हणून झोपण्याच्या तासभर आधी लावावा लागतो. वरच्या आकाराच्या खोलीला नऊ पट्ट्यांचा, २००० वॅटचा रेडिएटर भरपूर होतो. तेरा पट्ट्यांचा घेतल्याने खोली जास्त उबदार होत नाही, फक्त अडगळ वाढते. पृष्ठभाग चटका बसण्याइतका गरम होत असल्याने रांगत्या मुलाच्या वाटेत तो ठेवू नये.

ब्लोअर लवकर तापतो आणि स्वस्त असतो, पण आवाज करतो. अंघोळीहून आल्यावर कपडे बदलण्यापुरती खोली दहा मिनिटांत तापवायची असेल, तर तो उत्तम आहे. न्हाणीघरात मात्र कोणताही साधा हीटर ठेवू नये. ओल्या हातांनी आणि ओल्या फरशीवर विजेचा धक्का जीवघेणा ठरतो.

इलेक्ट्रिक ब्लँकेटचा विचार आपल्याकडची माणसे फारसा करत नाहीत, आणि मला त्याचे वाईट वाटते. गादीवर, चादरीखाली पसरायचे हे साधन साधारणपणे १०० वॅटच्या आसपास वीज घेते. झोपण्याआधी अर्धा तास लावून अंथरुणात शिरताना बंद केले, तर वीज जवळजवळ मोजण्याइतकीही लागत नाही, आणि वर चांगली रजई असेल तर अंथरूण सकाळपर्यंत उबदार राहते. तान्ह्या मुलांसाठी, तसेच मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसांसाठी ते वापरू नये, आणि घडी घातलेल्या स्थितीत कधीही चालू करू नये.

वायरिंग आणि मंजूर भार

२००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. पंखे-दिव्यांच्या लहान सॉकेटची मर्यादा ६ अँपिअर असते, म्हणून हीटर नेहमी १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावावा. प्लगच्या पिना जुळवून देणारा अडॅप्टर किंवा टीव्हीसाठी वापरतो तसा एक्स्टेंशन बोर्ड मध्ये घालू नये. नवा हीटर लावल्यावर अर्ध्या तासाने तो बंद करून प्लग काढावा आणि पिनांना हात न लावता प्लगचे प्लास्टिक चाचपून पाहावे. ते नुसते कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल किंवा सॉकेटभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसत असेल, तर आतला जोड सैल आहे आणि वायरमन येऊन तो घट्ट करेपर्यंत त्या सॉकेटवर हीटर लावू नये. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात आधी अर्थिंग करून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. भाड्याचे घर असले, तरी याबाबत घरमालकाशी आग्रहाने बोलावे.

लहान घराचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने त्या घरासाठी मान्य केलेली कमाल मागणी, अनेकदा दोन-तीन किलोवॅटच असतो. सकाळी २००० वॅटचा गीझर, २००० वॅटचा हीटर आणि इंडक्शनची शेगडी एकाच वेळी चालू झाली की, भार सहा किलोवॅटच्या घरात जातो. मग एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडतो. मीटर युनिटांबरोबर कमाल मागणीही नोंदवत असतो. ती वारंवार जास्त आली, तर मंजूर भार आणि त्यासोबत दरमहाचा स्थिर आकार वाढवला जाऊ शकतो. गीझर बंद केल्यावर हीटर लावायचा, एवढा एक नियम घरात पाळला तरी हा प्रश्न बहुतेक मिटतो.

दुकानात आणि त्यानंतर

हीटरवर आयएसआयची खूण, तीन पिनांचा प्लग, थर्मोस्टॅट, आडवा पडल्यावर आपोआप बंद होण्याची सोय आणि जास्त तापल्यास वीज तोडणारी कळ असावी. यांपैकी एखादी गोष्ट जरी नसेल, तर कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नये. थर्मोस्टॅटच्या गोल बटणावर १ ते ६ असे आकडे असतात आणि ते अंश नसतात, म्हणून खोलीत एक साधे तापमापक टांगावे आणि कोणत्या आकड्याला खोली किती अंशांवर स्थिरावते, हे पहिल्या दोन-तीन रात्री पाहून पेन्सिलने लिहून ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने थंड हवामानात घरातले तापमान किमान १८ अंश असावे, असे सुचवले आहे. वृद्ध आणि तान्ह्या मुलांसाठी त्याहून थोडे जास्त ठेवावे. निरोगी माणसाने स्वेटर घालून १८ अंशांत राहायला हरकत नाही. वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे प्रत्येक अंशामागे साधारण आठ टक्के वीज जाते.

हीटर खरोखर किती वीज घेतो, हे घरच्या मीटरवर तपासता येते. फ्रिज, गीझर आणि इतर सारे बंद करून मीटरचे आकडे लिहून घ्यावेत, तासभर फक्त हीटर चालवावा आणि पुन्हा आकडे घ्यावेत. थर्मोस्टॅटने मध्ये वीज तोडली असेल, तर फरक खोक्यावरच्या वॅटपेक्षा कमी येईल, आणि खिडक्यांच्या फटी बुजवण्याआधी व नंतर हे मोजमाप सारख्याच थंडीत केले, तर पट्टी चिकटवण्याचा उपयोग किती झाला, ते आकड्यांतच दिसेल.

फेब्रुवारीत थंडी ओसरली की हीटर थंड करून धूळ पुसावी, वायरीला कुठे तडा गेला आहे का ते पाहावे आणि ऑइल रेडिएटर उभाच, कापड झाकून ठेवावा. पुढच्या हिवाळ्यात पहिल्यांदा लावल्यावर साचलेल्या धुळीचा वास काही मिनिटे येतो आणि जातो. पण प्लास्टिक वितळल्यासारखा वास आला, किंवा रेडिएटरखाली तेलाचा डाग दिसला, तर तो ताबडतोब बंद करून कंपनीच्या सेवा केंद्रात न्यावा. गळका रेडिएटर घरी दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये.